पाण्याची पारख

पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडच्या व्यवसायात माझी ४२ वर्षे गेली. एवढ्या काळात किती शीट विकल्या याची मोजदाद नाही. त्यांचे ओटे झाले, कपाटे झाली, दुकानांचे काउंटर झाले. परंतु प्लायवूडची नाव होते आणि ती माणसांना घेऊन समुद्राच्या पाण्यावर जाते, हे मी वयाच्या ६८व्या वर्षी प्रथमच पाहिले. नुसते पाहिले असे नाही, तर तिच्या बांधणीत माझाही हात लागला. त्या कामाने मला माझ्याच दुकानातील एका जुन्या व्यवहाराची आठवण करून दिली. ती सांगावी की न सांगावी, याचा बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटले, आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे गल्ल्यावर बसणारी आहेत. त्यांच्यापुढे ती मांडायला हरकत नाही.

गेल्या वर्षी एप्रिल ते ऑगस्ट आम्ही उभयता मुलाकडे होतो. तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका लहान गावात राहतो. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिले, तर गाडी बाहेर उभी आणि गॅरेज मात्र लाकडी पाट्यांनी भरलेले. चौकशी केली तेव्हा हकिकत कळली. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी १९७०च्या दशकात आपल्या मुलांसाठी नाव बांधण्याचा संच विकत घेतला होता. या सुट्टीत बांधू, पुढच्या सुट्टीत बांधू, असे करता करता मुले शिकून परगावी गेली आणि संच माळ्यावरच राहिला. घर रिकामे करताना त्यांनी तो माझ्या मुलाला देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. तुम्ही तरी वेळेवर बांधा, एवढेच सांगितले.

माझी नात १२ वर्षांची आहे. ती माझा हात धरून मला गॅरेजमध्ये घेऊन गेली आणि म्हणाली, "दादाजी, तुमचा प्लायचाच बिझनेस आहे ना? मग यातले चांगले कुठले आणि खराब कुठले, ते तुम्ही सांगायचे."

अशा रीतीने त्या कामात माझा प्रवेश झाला.

एका वृत्तपत्राने घडवलेली नाव

संचावर 'मिरर' असे नाव होते. या नावेचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. इंग्लंडात शिडाची नाव बाळगणे हा फार काळ सधन लोकांचा छंद होता. कसबी कारागिराने महिनोन् महिने खपून केलेली नाव सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर टिकाऊ गोंदाचे प्लायवूड मुबलक मिळू लागले आणि चित्र बदलले. जॅक होल्ट या नौका-आराखडाकाराने घरच्या घरी बांधता येतील अशा प्लायवूडच्या कितीतरी लहान नावा आखल्या. त्यांपैकी १९५६ मधील 'एंटरप्राइज' ही नाव भारतातील नौकानयन क्लबांमध्येही चांगलीच परिचित झाली.

पुढे 'डेली मिरर' या मोठ्या खपाच्या दैनिकाने सर्वसामान्य वाचकाला परवडेल अशा नावेची योजना उचलून धरली. तिच्या आराखड्यात होल्ट यांच्यासोबत बॅरी बकनेल होते. घरातील सुतारकाम स्वतः कसे करावे, हे दूरचित्रवाणीवर शिकवणारे म्हणून बकनेल घरोघरी माहीत होते. १९६३ मध्ये ही नाव लोकांसमोर आली. तेव्हा संपूर्ण संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. लांबी ३.३० मीटर, म्हणजे आपले जवळजवळ ११ फूट, रुंदी १.३९ मीटर, आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन अवघे साडेपंचेचाळीस किलो. दोन माणसे ती सहज उचलून मोटारीच्या टपावर ठेवू शकतात. वारा असेल तर शिडावर चालवावी, नसेल तर वल्ही मारावीत. दैनिकाच्या नावाच्या पट्टीचा रंग लाल, म्हणून शिडेही लाल.

पुढील काळात जगभरात अशा ७० हजारांहून अधिक नावा बांधल्या गेल्या. ए. जे. मॅकिनन हे शिक्षक १९९७ मध्ये अशीच एक जुनी मिरर घेऊन इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातून निघाले आणि नद्या, कालवे व इंग्लिश खाडी पार करीत थेट काळ्या समुद्रावरील सुलिना या रोमानियाच्या गावी पोहोचले. ११ फुटांच्या नावेने एवढे करावे, हे वाचून मी चकित झालो.

पातेल्यातील तुकडा

आम्ही प्रथम सर्व पाटे मोकळे करून भिंतीला उभे केले. प्लाय जेमतेम ५ मिलिमीटर जाडीचा होता. ५० वर्षे माळ्यावर राहूनही बहुतेक पाटे ठणठणीत होते. त्यांवर टकटक केले की एकसारखा आवाज येई. केवळ एका बाजूच्या पाट्याचे टोक कौलांतून गळणाऱ्या पाण्याने भिजत राहिले होते. तेथे थर सुटले होते आणि पोपडे बोटाने निघत होते. तो पाटा नव्याने कापावा लागणार होता.

त्यासाठी नवी शीट आणायला मी मुलाबरोबर तेथील वखारीत गेलो. शीटवर बीएस १०८८ असा शिक्का होता. मरीन प्लायसाठी जसे आपल्याकडे आयएस ७१० हे मानक, तसे त्यांच्याकडे हे. लाकूड ओकुमे जातीचे, आफ्रिकेतून येणारे, वजनाला हलके. हे लाकूड स्वतः फारसे टिकाऊ नसते, म्हणून त्याला सर्व बाजूंनी लेप द्यावाच लागतो.

घरी आल्यावर नातीने विचारले, "शिक्का आहे म्हणजे खरेच चांगला आहे, हे कसे कळणार?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते. मी तिला समजावून सांगितले. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवतात, म्हणून तो कोणत्याही एका दिशेने सहज चिरत नाही. त्याचा कस लागतो तो मधल्या गोंदाचा. युरियाचा गोंद कोरड्या खोलीतील कपाटाला चालतो. पाण्यापुढे तो हार मानतो. फिनॉलचा गोंद उकळत्या पाण्यातही धरून राहतो. आपल्या मानकाप्रमाणे मरीन प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात राहून सुटता कामा नये. दुसरी गोष्ट आतील पोकळीची. मधल्या थरात दोन पापुद्र्यांमध्ये फट राहिली, तर वरून काहीच दिसत नाही. पण पाणी एकदा तेथे शिरले की बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून कुजते.

मग काय, सूनबाईंकडून एक जुने पातेले मागून घेतले. उरलेल्या तुकड्याची हातभर पट्टी कापून त्यात टाकली. दिवसा उकळायची आणि रात्री पाण्यातच ठेवायची, असे तीन दिवस चालले. पट्टी काळवंडली, पण एकही थर हलला नाही. नातीने ती पट्टी सुकवून आपल्या टेबलावर ठेवली.

मला मात्र त्या पातेल्याकडे पाहताना मनात कुठेतरी टोचत होते. त्याचे कारण पुढे येईल.

तांब्याच्या तारेचे टाके

नाव म्हटली की आधी पाठीचा कणा, मग बरगड्या आणि मग त्यांवर फळ्या, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. या नावेत तसे काही नाही. शिंपी कापड बेततो तसे तळाचे दोन व बाजूंचे दोन पाटे बेतलेले असतात आणि पुढे-मागे एकेक आडवा पाटा येतो. पाट्यांच्या कडांना ठरावीक अंतरावर बारीक छिद्रे पाडायची, त्यांतून तांब्याची तार ओवायची आणि पकडीने पीळ द्यायचा. तळाचे दोन पाटे प्रथम एकमेकांवर ठेवून मधल्या कडेने शिवतात आणि मग पुस्तकासारखे उघडतात. बाजूचे पाटे जोडत गेले की सपाट लाकूड वाकू लागते आणि बघता बघता नावेचा आकार धरते. शाळेत सुतारकाम शिकवणारे केन लिटलडाइक यांनी ही युक्ती आधी लहान होड्यांसाठी वापरली होती. बकनेल यांनी ती मिररमध्ये आणून लाखो लोकांपर्यंत पोहोचवली.

टाके घालण्याचे काम नातीने केले. पीळ फार दिला तर तार तुटते किंवा प्लाय चिरतो; कमी दिला तर फट राहते. दोन दिवसांत तिच्या हाताला अंदाज आला. सगळे टाके पूर्ण झाल्यावर आम्ही दोन्ही कर्ण दोरीने मोजले. नाव पिळली गेली असेल तर ती कायम एका बाजूला ओढत राहते, आणि गोंद लागल्यानंतर ही चूक दुरुस्त होत नाही. आमच्या कर्णांत बोटभर फरक निघाला, तेव्हा सहा टाके सोडून पुन्हा घातले.

शिवलेल्या नावा आपल्याला परक्या नाहीत. हिंदी महासागरातील व्यापारी गलबते शतकानुशतके काथ्याच्या दोरीने फळ्या शिवूनच बांधली जात होती. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका गलबताचे चित्र आहे. त्यावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात असेच जहाज पुन्हा बांधले गेले. बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी ते काथ्याच्या दोरीने शिवले आणि २०२५च्या मे महिन्यात कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले. फरक इतकाच की त्या जहाजाचे टाके कायमचे, आमचे तात्पुरते. आमच्या नावेची खरी ताकद पुढे गोंदात येणार होती.

अंदाजाचा हात

आपल्याकडे जुने सुतार सरस वापरीत. तो ऊन पाण्यात विरघळतो आणि ओलाव्याने सुटतो. नावेला तो निरुपयोगी. या संचात मूळची रेझिन होती, पण ५० वर्षांत ती दगड झाली होती. म्हणून मुलाने इपॉक्सी आणली. ती दोन डब्यांत येते: एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. आमच्या डब्यावरील प्रमाण दोन भागांस एक भाग असे होते. दोन्ही एकत्र झाले की थोड्या वेळात मिश्रण घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवायचे. हातमोजे घालायचे आणि गॅरेजचे दार उघडे ठेवायचे. या मिश्रणात बारीक भुकटी घालून लापशीसारखे केले की ते सांध्यात भरायचे आणि आइस्क्रीमच्या चपट्या काडीने गोलसर ओढायचे. त्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी बसवून पुन्हा इपॉक्सी पाजायची. आतील सांधे वाळले की बाहेरून दिसणारी तारांची टोके कापायची, कड रंध्याने गोल करायची आणि बाहेरूनही तशीच पट्टी चढवायची.

एके दिवशी मुलगा कामावर, नात शाळेत आणि मी एकटाच घरी होतो. म्हटले, तेवढ्यात थोडे काम पुढे न्यावे. वजनकाटा सापडला नाही. ४२ वर्षे माल पाहणारा माणूस मी. एका नजरेत प्रमाण कळते, असा माझा समज. शिवाय हवा थंड होती, म्हणून लवकर वाळावे यासाठी हार्डनर थोडा जास्तच घातला. नावेच्या मधोमध एक उभी खोबण असते; तिच्यातून डॅगरबोर्ड नावाची फळी पाण्यात खाली सरकवतात, म्हणजे वाऱ्याने नाव आडवी वाहत जात नाही. त्या खोबणीच्या तळाचा सांधा मी भरला.

दुसऱ्या दिवशी सांधा चिकट होता. तिसऱ्या दिवशीही चिकट. मुलाने हात लावून पाहिला आणि काय झाले ते ओळखले. हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही. प्रमाण चुकले की ती कधीच पुरती वाळत नाही. तो मला एक शब्दही बोलला नाही. शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघांनी पालथे पडून तो सगळा थर पटाशीने खरवडला, ॲसिटोनने पुसला आणि काट्यावर तोलून नवा भरला. नातीने डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले: 'तोलल्याशिवाय कालवू नये.' देवनागरी अक्षरे तिने आजीकडून गिरवून घेतली होती.

कोण पाहणार?

लहान नाव कलंडते. कलंडल्यावरही ती बुडू नये म्हणून तिच्या आत हवाबंद कप्पे असतात. आमच्या नावेत हे कप्पे दोन्ही बाजूंना बसण्याच्या जागेखाली आणि पुढच्या बाजूला होते. वरचे फळकूट एकदा चिकटवले की आतील भाग कायमचा झाकला जातो. तपासणीसाठी लहानसे झाकण तेवढे राहते.

फळकुटे बसवण्याच्या आदल्या दिवशी मुलगा कप्प्यांच्या आत इपॉक्सीचा लेप देत होता. एक थर वाळला, तो धुऊन कागदाने घासून दुसरा. तो वाळला, मग तिसरा. प्रत्येक कोपऱ्यात डोके घालून, हातात दिवा धरून तो हे करीत होता. आमचे परतीचे तिकीट १८ ऑगस्टचे होते आणि काम बरेच बाकी होते. मी म्हणालो, "अरे, हे तर बंद होणार आहे. आत कोण पाहणार?"

तो डोके बाहेर न काढताच म्हणाला, "पाणी पाहील, पप्पा."

त्याला काहीच माहीत नव्हते. पण हेच शब्द मी पूर्वी एकदा मनाशी उच्चारले होते.

१९९४ची गोष्ट. सहकारनगरातील एका शिक्षकांनी नव्या घराच्या स्वयंपाकघरासाठी मरीन प्लायच्या सहा शीट मागवल्या. ऐन पावसाळ्यात माझा माल वाटेत अडकला होता. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून मी गोदामातील साध्या कमर्शियल प्लायच्या शीट पाठवल्या आणि बिल मरीनचे केले. दोन्ही बाजूंनी सनमायका बसल्यावर आत काय आहे ते कोण पाहणार, असा मी विचार केला होता. फरकाची रक्कम दोन हजारांच्याही आत होती.

दोन वर्षांनी ते शिक्षक दुकानात आले. त्यांनी रुमालातून एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला. सगळे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. मी म्हणालो, नळ गळत असेल. सुताराने कडा बंद केल्या नसतील. त्यांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले. वाद घातला नाही. तुकडा तेथेच ठेवून ते पायऱ्या उतरून गेले आणि पुन्हा कधी दुकानात आले नाहीत.

त्यानंतर मी अशी लबाडी केली नाही, हे खरे. पण त्यांच्याकडे जाऊन चूक कबूलही केली नाही.

डोलकाठी, दोऱ्या आणि लाल शिडे

सांगाडा तयार झाला म्हणजे नाव झाली, असे मला वाटत होते. मुलगा म्हणाला, आता निम्मे काम झाले. पुढचे काम साज चढवण्याचे. नातीने खर्चाची वही ठेवली होती. तीत लाकडापेक्षा शिडे, दोऱ्या, तारा आणि धातूचे लहानसहान सामान यांचीच पाने अधिक भरली. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, म्हणून स्क्रू कांस्याचे किंवा स्टेनलेस पोलादाचे घ्यावे लागतात. जेथे स्क्रू जातो त्या छिद्रातही आधी इपॉक्सी पाजावी लागते, कारण प्लायला पाणी पिण्याची सवय कडांतून आणि छिद्रांतूनच असते.

डोलकाठी स्प्रूसच्या लाकडाची. ती आखूड असते आणि तिच्यावर आणखी एक काठी दोरीने उभी सरकवली की शिडाला पूर्ण उंची मिळते. उतरवल्यावर दोन्ही काठ्या नावेच्या लांबीत मावतात. ही सोय मला फार आवडली. डोलकाठीला तीन तारांचा आधार: एक पुढे आणि दोन बाजूंना. मोठे शीड आणि पुढचे लहान शीड मिळून सुमारे ७० चौरस फूट कापड. मागे सुकाणू; त्याचे पाते उथळ पाण्यात वर उचलता येते. शिवाय वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे आणि प्रत्येकासाठी तरंगते जाकीट.

येथे एक गंमत सांगतो. नात सारखी "शीट द्या, शीट द्या" म्हणू लागली, तेव्हा मी प्लायचा तुकडा पुढे केला. नावाड्यांच्या भाषेत शीट म्हणजे शीड आवळण्याची दोरी, हे मला तेव्हा कळले. ४२ वर्षे शीट विकणाऱ्याला नातीकडून नवी शीट मिळाली!

बाहेरून पांढऱ्या रंगाचे तीन हात आणि आतील लाकडाला व्हार्निशचे पाच हात दिले. प्रत्येक हातानंतर घासायचे, पुसायचे आणि वाट पाहायची. ९ ऑगस्ट, शनिवारी भरतीच्या वेळी नाव पाण्यात सोडायची असे ठरले. नातीने मैत्रिणींना बोलावले. सूनबाईंनी सर्वांसाठी पुरी-भाजी आणि शिऱ्याचा बेत केला.

फुगे

शुक्रवारी संध्याकाळी मी एकटाच गॅरेजमध्ये होतो. सांधे हवाबंद आहेत की नाहीत हे पाहण्याची एक सोपी रीत मुलाने दाखवली होती. कप्प्याच्या झाकणाशी नळी लावून तोंडाने हलकेच हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायचे. कोठे गळत असेल तर तेथे फुगे येतात. त्याने कप्पे तपासले होते. पण खोबणीच्या तळाचा, मी बिघडवलेला आणि आम्ही पुन्हा भरलेला तो सांधा तपासायचा राहिला होता, कारण तो कोणत्याच कप्प्याला लागून नव्हता. मी खोबणीचे खालचे तोंड चिकटपट्टीने बंद केले, वरून पाणी ओतले आणि खुर्ची घेऊन बसून राहिलो.

पाव तासाने नावेच्या आतल्या बाजूला, खोबणीच्या पायाशी, पाण्याचा एक मणी दिसला. पुसला. पुन्हा आला.

गळती तशी फार लहान होती. तासभराच्या सफरीत वाटीभरही पाणी आले नसते आणि आले असते तर भांड्याने उपसता आले असते. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. सांगितले तर व्हार्निश खरवडायचे, सांधा उघडायचा, तो पूर्ण सुकवायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा लेप द्यायचे. म्हणजे आठवडा गेला. आमच्या तिकिटामुळे हाताशी एकच शनिवार उरत होता आणि त्या दिवशी पाऊस आला तर माझ्या डोळ्यांदेखत नाव पाण्यात जाणार नव्हती. त्या ठिकाणी व्हार्निशचा आणखी एक हात फिरवला असता, तर निदान उद्यापुरते कोणाच्या लक्षात आले नसते.

मी दिवा घालवला आणि आत जाऊन दोघांना सांगितले.

नातीचे डोळे भरून आले. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग तिने मैत्रिणींना एकेकीला फोन करून पुढचा शनिवार सांगितला आणि घासायचा कागद घेऊन ती गॅरेजकडे निघाली. जाताना म्हणाली, "चला दादाजी, पाणी आधी सुकवायला लागेल ना?" मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. त्या रात्री मी त्याला सहकारनगरच्या शिक्षकांची हकिकत सांगितली. बाप म्हणून ते सांगणे सोपे नव्हते.

१६ तारखेला ऊन पडले. आमचे वृद्ध शेजारी आपल्या नव्या घराहून मुद्दाम आले होते. खाडीच्या शांत पाण्यात मुलगा व नात आधी नाव मुद्दाम कलंडवून पुन्हा सरळ करण्याचा सराव करून आले. कप्पे कोरडे, खोबणीचा पाया कोरडा. मग लाल शिडे चढली. वारा बेताचाच होता, पण शीड भरले आणि नाव जागची हलली तेव्हा आम्ही काठावरचे सगळेच एकदम गप्प झालो. शेजाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर मलाही जाकीट घालून बसवले. पाण्याखाली माझ्या पायांशी ५ मिलिमीटरचा प्लाय होता आणि त्याखाली समुद्र. मी सारखा खोबणीच्या पायाकडे पाहत होतो.

पावती

पुण्याला परतल्यावर आठवड्याच्या आत मी जुन्या वह्या काढल्या. १९९४चे बिल सापडले, पत्ता होता. ते शिक्षक आता ८५च्या घरात आहेत आणि त्याच घरात राहतात. स्वयंपाकघर पूर्वीच नवे झाले आहे. मी ओळख दिली आणि काय केले होते ते सरळ सांगितले. सहा शीटचे आजच्या भावाने होणारे पैसे पाकिटात नेले होते.

मला वाटले होते, ते नको म्हणतील किंवा रागावतील. त्यांनी पाकीट उघडले, चष्मा लावला आणि पैसे मोजून घेतले. मग कागद मागवून पावती लिहिली: 'सहा मरीन शीटपोटी, पूर्ण रक्कम पोहोचली.' खाली तारीख घातली, सही केली. नंतर सुनेला हाक मारून म्हणाले, "यांना चहा दे."

ती पावती मी दुकानात त्या सालच्या वहीत जोडून ठेवली आहे. दुकानात आता गॅसची एक लहान शेगडी आणि पातेले आहे. मरीन प्लाय घेणाऱ्याने हव्या त्या शीटचा तुकडा स्वतः कापून घ्यावा, पातेल्यात टाकावा आणि दोन-तीन दिवसांनी येऊन पाहावा, तोवर बिल करू नये, असे धाकट्याला सांगून ठेवले आहे. बहुतेक गिऱ्हाइकांना तेवढी सवड नसते. पण पातेले मात्र रोज चालू असते.